फोटो सुधारायचे सॉफ्टवेअर : फुकटचे घ्यावे की विकतचे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की वस्तीतील पालक आमच्याकडे जे प्रश्न घेऊन येतात त्यांत गेल्या काही वर्षांत एका प्रश्नाची भर पडली आहे. "मुलाला फोटोचे काम शिकायचे आहे. फोटोशॉप विकत घ्यावे लागेल म्हणतो. घ्यावे काय?" कोणी हाच प्रश्न मुलीसाठी विचारतो. कोणाच्या घरी वडिलांचा एकच जुना फोटो उरलेला असतो आणि तो वाळवीने खाण्यापूर्वी नीट करून घ्यायचा असतो. प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो, पण तो घरखर्चाचा आहे, मुलांच्या भवितव्याचा आहे आणि काही घरांत तो आठवणींचाही आहे. म्हणून या आठवड्यात या विषयाची थोडी सविस्तर माहिती द्यावी असे आम्ही ठरविले.

आधी काम ठरवा, मग हत्यार

सुतार लाकूड पाहून हत्यार उचलतो. येथेही तसेच आहे. नवशिक्याला ज्या कामांसाठी फोटो हाताळावे लागतात ती साधारणपणे चार प्रकारची असतात.

पहिले काम अर्जाच्या फोटोचे. आज नोकरीचा, प्रवेशाचा, शिष्यवृत्तीचा बहुतेक अर्ज संगणकावर भरावा लागतो आणि फोटो ठरावीक मापाचा नसेल तर तो पुढे सरकत नाही. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटोची फाइल २० ते ५० केबीची आणि सहीची १० ते २० केबीची मागितली जाते. मोबाईलवर काढलेला फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. तो कापून लहान करणे एवढेच हे काम.

दुसरे काम जुने फोटो स्वच्छ करण्याचे. तिसरे लग्नपत्रिका, वाढदिवसाचे किंवा जयंतीचे फलक, मंडळाची पत्रके तयार करण्याचे. आणि चौथे काम पोटापाण्याचे, म्हणजे फोटो स्टुडिओत, फ्लेक्सच्या दुकानात किंवा छापखान्यात नोकरी करण्याचे.

यांपैकी पहिल्या कामासाठी एक पैसाही खर्च करण्याची गरज नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कामासाठीही नाही. विकतच्या सॉफ्टवेअरचा विचार करावा लागतो तो चौथ्या कामासाठी, आणि तोही काम शिकून झाल्यावर. आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. आता त्याची कारणे पाहू.

फोटोशॉप आणि जिंप

फोटोशॉप हे नाव आता क्रियापदासारखे वापरले जाते. "फोटो फोटोशॉप केला आहे" असे शाळकरी पोरेही म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा विद्यार्थी थॉमस नॉल याने १९८७ साली चित्रे पडद्यावर दाखविणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. चित्रपटांच्या दृश्यकरामतींचे काम करणारा त्याचा भाऊ जॉन याच्या मदतीने तो वाढला, ॲडोबी या कंपनीने तो घेतला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली. तेव्हापासून छपाई, वर्तमानपत्रे, जाहिराती यांत त्याचे राज्य आहे, आणि ते गुणांच्या बळावर आहे हे मान्य केले पाहिजे.

जिंपची कथा वेगळी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली त्याचे काम सुरू केले आणि १९९६ च्या आरंभी ते लोकांना वापरायला दिले. नुसते वापरायला नव्हे, तर त्याची आतली रचनाही सर्वांसाठी खुली ठेवली. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी ते वाढविले. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर ते चालते.

'फुकट' आणि 'मुक्त' यांत फरक आहे

इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने घोटाळा होतो. आपल्या भाषेत सुदैवाने दोन शब्द आहेत, ते नीट वापरावेत.

जिंप मुक्त आहे. म्हणजे ते कोणत्याही कामासाठी वापरता येते, धंद्यासाठीसुद्धा. त्याची प्रत पेनड्राइव्हवर घालून शेजाऱ्याला देता येते आणि तो गुन्हा ठरत नाही. वस्तीच्या अभ्यासिकेत पाच संगणक असतील तर पाचही संगणकांवर ते बसवता येते. ज्याला प्रोग्राम लिहिता येतो त्याने त्यात बदल करून पुढे वाटावे, यालाही परवानगी आहे. चित्रे रंगवण्यासाठी क्रिटा, फलक आणि बोधचिन्हे आखण्यासाठी इंकस्केप, कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलींसाठी डार्कटेबल ही सारी याच कुळातली.

दुसरा प्रकार कंपनीने किंवा व्यक्तीने फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरचा. मोबाईलवरील स्नॅपसीड हे गुगलचे असून फुकट आहे. फोटोपिया हे ब्राउझरमध्येच उघडते, संगणकावर काही बसवावे लागत नाही, दिसायला ते फोटोशॉपसारखे असून फोटोशॉपच्या फाइलीही उघडते. त्याचा खर्च जाहिरातींतून निघतो. चित्र दुसरीकडे कोठे न जाता आपल्याच संगणकावर राहते, हा त्याचा मोठा गुण. विंडोजवरील पेंट डॉट नेट हे २००४ साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील विद्यार्थी प्रकल्प म्हणून सुरू झाले, ते साध्या कामाला सोपे आहे. ॲफिनिटी हे पूर्वी एकदा पैसे भरून घ्यावे लागे. २०२४ साली कॅनव्हा कंपनीने ते विकत घेतले आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केले. मात्र त्यासाठी कॅनव्हाचे खाते उघडावे लागते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काही सोयी पैसे भरल्याशिवाय मिळत नाहीत.

फुकट दिलेली वस्तू देणारा परतही घेऊ शकतो, एवढे लक्षात असू द्यावे. पिकासा अनेक घरांत आवडते होते. गुगलने २०१६ साली ते बंद केले. म्हणून सॉफ्टवेअर कोणतेही असो, तयार चित्राची एक प्रत जेपेग, पीएनजी किंवा टिफ यांपैकी सर्वत्र उघडणाऱ्या प्रकारात ठेवावीच. दुकान उठले तरी आपला माल आपल्या घरी असला पाहिजे.

भाड्याचा हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे हिशेबाकडे नजर जातेच. वस्तू एकदा विकत घेणे आणि दरमहा भाडे भरणे यांत मोठा फरक असतो. फोटोशॉप पूर्वी एकदाच पैसे मोजून मिळे. २०१३ साली ॲडोबीने ती पद्धत मोडून वर्गणीची पद्धत आणली. आता महिना किंवा वर्षाची वर्गणी भरायची आणि ती थांबली की सॉफ्टवेअरही थांबते. दर बदलत असतात, योजनाही अनेक आहेत, म्हणून आम्ही उदाहरणादाखल महिना हजार रुपये धरतो. वर्षाचे बारा हजार झाले. तीन वर्षांत छत्तीस हजार गेले आणि हाती मालकीचे काहीच राहिले नाही.

आता दुसरी बाजू मांडू. समजा मुलाने घरी पासपोर्ट फोटो काढून देण्याचे काम सुरू केले आणि कागद-शाई वजा जाता एका संचामागे तीस रुपये सुटले. हजार रुपये भाडे भरून काढायला महिन्याला चौतीस गिऱ्हाइके हवीत. त्यानंतरच्या गिऱ्हाइकाचे तीस रुपये त्याचे स्वतःचे. आणि हे सारे काम जिंपवरही तितकेच चांगले होते! पासपोर्ट फोटोचे माप साडेतीन सेंटिमीटर बाय साडेचार सेंटिमीटर. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर हे चित्र ४१३ बाय ५३१ ठिपक्यांचे होते. चार बाय सहा इंचांच्या कागदावर असे आठ फोटो बसतात. या गणितात फुकट आणि विकत असा भेद नाही.

वर्गणी घेणारांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. 'वर्षाची योजना, दरमहा हप्ता' असे लिहिलेले असते, तेव्हा ती महिन्याची योजना नसून वर्षाचा करार असतो. मध्येच सोडल्यास उरलेल्या रकमेचा काही भाग दंड म्हणून मागितला जातो. हा दंड ग्राहकापासून दडविला जातो असा आरोप ठेवून अमेरिकेच्या सरकारने तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीवरून जून २०२४ मध्ये ॲडोबीविरुद्ध दावा दाखल केला होता. चाचणीसाठी मिळणारे सात दिवस फुकट असले तरी कार्डाची माहिती आधीच घेतली जाते. आठव्या दिवशी पैसे कापले जाऊ नयेत असे वाटत असेल तर मुदतीआधीच योजना रद्द करावी. विद्यार्थ्यांना सवलत असते, परंतु पहिल्या वर्षानंतर दर वाढतो. बारीक अक्षरे वाचल्याशिवाय अंगठा उमटवायचा नाही, हे आपल्या वाडवडिलांनी सावकाराच्या दारात शिकून घेतलेले आहे. पडद्यावरच्या बटणालाही तोच नियम लावावा.

चोरीची प्रत नको

"विकत कशाला, दोनशे रुपयांत टाकून देतो की!" असे सांगणारा एखादा तरी वस्तीत भेटतोच. काही शिकवणी वर्गांतही अशाच प्रती असतात. आमच्या माहितीतील एका मुलाला वर्गातून अशी प्रत घरी नेण्यास मिळाली आणि पंधरा दिवसांत संगणकातील सर्व फाइलींना कुलूप लागले. त्यात त्याच्या बहिणीची प्रमाणपत्रेही होती. कुलूप तोडण्याची जी 'चावी' अशा प्रतीबरोबर येते तिच्यातच बहुधा विषाणू असतो, आणि ती चालवण्याआधी विषाणूरोधक बंद करा असेही सांगितले जाते. घराचा कुत्रा बांधून चोराला दार उघडण्यासारखेच हे झाले.

कायदाही स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते. तेवढे पन्नास हजार तरी कोणाच्या ट्रंकेत पडले आहेत?

फुकटचे सॉफ्टवेअरही त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावे. २०२२ साली जिंपच्या नावाने गुगलवर एक खोटी जाहिरात देऊन लोकांच्या संगणकात माहिती चोरणारा प्रोग्राम घुसवण्यात आला होता. शोधाच्या यादीत सर्वांत वर दिसणारे नाव जाहिरातीचे असू शकते. जिंपचा खरा पत्ता 'जिंप डॉट ऑर्ग' असा आहे. तो नीट वाचून मगच बटण दाबावे.

मराठी अक्षरांची परीक्षा

सॉफ्टवेअर निवडताना हा मुद्दा कोणी सांगत नाही, आणि आपले फलक तर मराठीतच असतात. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये प्रथम 'विद्यार्थिनी' हा शब्द लिहून पाहावा. वेलांटी जागेवर बसली, 'द्या' जुळला, रफार योग्य अक्षरावर चढला तर सॉफ्टवेअर उत्तीर्ण. त्यानंतर 'क्षत्रिय', 'श्रम', 'लठ्ठ' हे शब्द घालावेत.

जिंपमध्ये युनिकोड मराठी नीट उमटते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत वेलांट्या भलतीकडे पळत आणि जोडाक्षरे फुटत. म्हणून दुकानदार श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीचे टंक वापरीत. त्या टंकाशिवाय दुसऱ्या संगणकावर तीच फाइल उघडली की अक्षरांची खिचडी दिसे. नव्या आवृत्त्यांत सोय झालेली आहे, मात्र अक्षरे फुटलेली दिसल्यास मजकुराच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. टंकांसाठीही पैसे मोजण्याचे कारण नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे देवनागरी टंक सर्वांना मुक्तपणे वापरता येतात.

घरातला एकुलता एक फोटो

ज्या घरांत आजा-आजीचा एकच फोटो आहे त्यांनी हा भाग जपून ठेवावा. फोटो काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढू नये. काचेसकट, सावलीच्या उजेडात, काचेवर चमक येणार नाही अशा कोनातून मोबाईलने टिपावा. सुटा असेल तर स्कॅनरवर इंचाला ६०० ठिपक्यांनी घ्यावा. ही पहिली प्रत 'मूळ' म्हणून वेगळी ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. सारे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर.

पिवळटपणा घालवायला रंग काढून चित्र काळे-पांढरे करावे. फिकेपणा 'लेव्हल्स'ने जातो. ओरखडे आणि डाग 'हीलिंग' आणि 'क्लोन' या हत्यारांनी एकेक करून भरावेत. हे सगळे जिंपमध्ये आहे. एका फोटोला दोन-तीन संध्याकाळी लागतील. लागू द्याव्यात, हात त्यानेच बसतो.

हल्ली एका बोटाने जुना फोटो नवा करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप निघाली आहेत. फुकटची आहेत, विकतचीही आहेत. ती नाहीसा झालेला भाग अंदाजाने भरतात. आजीच्या कपाळावरचे गोंदण त्यांना डाग वाटते आणि ती ते पुसून टाकतात. उन्हात राबलेल्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सपाट करतात, रंग उजळ करतात. फोटो सुंदर दिसतो, पण ती आपली आजी राहत नाही. नातवंडांनी तिला पाहिलेले नसते. त्यांना तोच चेहरा खरा वाटणार. आपल्या माणसांचे फोटो आधीच थोडे. जे आहेत त्यांतील खरेपणा राखणे आपल्याच हाती आहे. म्हणून अशी ॲप वापरायचीच असतील तर मूळ फोटोही भिंतीवर शेजारी असू द्यावा.

नोकरी करायची असेल तर

आता विकतच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. स्टुडिओचा मालक "फोटोशॉप येते का?" असेच विचारतो. फ्लेक्सच्या दुकानात त्याच्या जोडीला कोरल ड्रॉ लागते. छापखान्याला चार शाईंच्या रंगात विभागलेली फाइल हवी असते. तशी तयार करण्याची सोय फोटोशॉपमध्ये पक्की आहे, जिंपमध्ये ती मर्यादित आहे. मूळ चित्र न बिघडवता केलेला बदल केव्हाही मागे घेण्याची सोय फोटोशॉपमध्ये १९९६ पासून आहे. जिंपमध्ये ती परिणामांच्या बाबतीत ३.० आवृत्तीबरोबर, म्हणजे २०२५ साली आली. लग्नाच्या अल्बममधील शेकडो फोटो एका दिवसात उरकायचे असतील तर या सोयींनी वेळ वाचतो. अशा वेळी पैसा हा खर्च न राहता भांडवल होतो.

परंतु फोटोशॉप चालायला संगणकाची मेमरी किमान आठ जीबी लागते. जिंप चार जीबीच्या जुन्या संगणकावरही, सावकाश का होईना, चालते. ज्या घरात जुना संगणक आहे त्याने पहिल्या वर्षाचे बारा हजार वर्गणीत घालण्यापेक्षा एसएसडी बसवावी, स्कॅनर असलेला साधा प्रिंटर घ्यावा. त्या वस्तू घरात राहतात.

शिकण्याचा क्रम

नवशिक्यांसाठी आम्ही असा क्रम सुचवितो. पहिला महिना मोबाईलवर स्नॅपसीड, त्यात कापणे, सरळ करणे, उजेड-अंधार जुळवणे. संगणक नसला तरी एवढे होते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जिंप, त्यात सिलेक्शन, लेअर, लेव्हल्स, क्लोन. जिंपमध्ये 'सेव्ह' केले की त्याच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात फाइल तयार होते, आणि जेपेग हवी असल्यास 'एक्स्पोर्ट' करावे लागते. नवी मुले येथेच अडतात. एक्स्पोर्ट करताना गुणवत्तेचा आकडा कमी-जास्त केला की फाइल किती केबीची होईल ते दिसते. त्यामुळे अर्जाचा फोटो हाच पहिला धडा ठेवावा, आणि शेजारपाजारच्या दहा मुलांचे अर्जाचे फोटो करून द्यावेत.

चौथ्या महिन्यात फोटोपिया उघडावे. त्याची मांडणी फोटोशॉपसारखी असल्याने कोणते हत्यार कोठे आहे ते डोळ्यांत बसते. एवढे झालेला मुलगा किंवा मुलगी स्टुडिओत जाऊन फोटोशॉपसमोर बसली तर आठवडाभरात हात चालू लागेल. लेअर म्हणजे काय, उजेड कोठून येतो, चेहऱ्याचा रंग केव्हा खोटा वाटतो, ही समज कोठल्याही दुकानात विकत मिळत नाही, आणि ती एकदा आली की सॉफ्टवेअर बदलले तरी जात नाही.

वर्गणी घ्यायची ती मुलाने स्वतः फोटोच्या कामातून सलग तीन महिने तिच्या दुप्पट कमावून दाखविल्यावर. सॉफ्टवेअरचे भाडे सॉफ्टवेअरने मिळवलेल्या पैशातून जावे, घरच्या रेशनमधून नव्हे. पालकांनी हा नियम घालून द्यावा आणि मुलीसाठीही तोच ठेवावा, तिच्या वाट्याला वेगळा नियम नको.

ज्या वस्तीत अभ्यासिका किंवा वाचनालय आहे तेथील कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. तेथील संगणकांवर जिंप, इंकस्केप आणि मराठी टंक बसवून घ्यावेत. त्यासाठी कोणाची परवानगी नको, कोणाला पैसे द्यायला नकोत, एक रविवार पुरेल. पुढच्या रविवारी मुलांना आपापल्या घरातला एक जुना फोटो घेऊन यायला सांगावे.